अटीतटीचा फुटबॉल सामना डोळे न मिटता कसा पाहावा

14 जानेवारी 2019 रोजी भोगी होती. आशियाई चषकाच्या साखळी फेरीतला भारत विरुद्ध बहरीन हा सामना शारजात आपल्या वेळेनुसार रात्री साडेनऊला सुरू झाला, तेव्हा सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी जेवून सगळे टीव्हीसमोर बसले होते. भारताला बरोबरी पुरेशी होती. थायलंडला 4-1 असे हरवून मिळवलेले तीन गुण खात्यावर होते, चौथा मिळाला असता तर भारत बाद फेरीत गेला असता, आणि या स्पर्धेत बाद फेऱ्या होऊ लागल्यापासून भारत तिथवर एकदाही पोचलेला नव्हता. नव्वद मिनिटे गोलशून्य गेली. भरपाईच्या वेळेत आपल्या एका खेळाडूने पेनल्टी क्षेत्रात प्रतिस्पर्ध्याला पाडले, पंचांनी पेनल्टी दिली आणि 91 व्या मिनिटाला बहरीनने सामना जिंकला.

तो गोल मी पाहिलाच नाही. शेवटची पंधरा मिनिटे मी स्वयंपाकघरात उभी राहून घासलेली भांडी पुन्हा पुसत होते, कारण समोर बसवत नव्हते; बाहेरून सासऱ्यांचा, म्हणजे दादांचा, ‘अरेरे’ एवढा एकच शब्द आला आणि काय झाले ते कळले. पराभवाचे दुःख होतेच, पण त्याहून अधिक काळ सलत राहिली ती दुसरीच गोष्ट. आपला संघ ज्या पंधरा मिनिटांत किल्ला लढवत होता, नेमक्या त्याच वेळी मी पाठ फिरवून उभी होते. त्यानंतरच्या वर्षांत मी असे सामने शेवटच्या शिट्टीपर्यंत समोर बसून पाहायला शिकले. सामना चुरशीला आला की ज्यांना उठून गॅलरीत जावेसे वाटते, ज्यांचे हात गार पडतात, घरातल्या माणसांवर ज्यांची विनाकारण चिडचिड होते, त्यांच्यासाठी ते कसे जमवावे हे येथे सांगते.

हा ताण येतो कोठून

2022 च्या विश्वचषकात 64 सामन्यांत 172 गोल झाले. म्हणजे एका सामन्यात सरासरी तीनही नाहीत. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूला काही ना काही फळ असते, कबड्डीत दर थोड्या चढायांनी गुणफलक हलतो. फुटबॉलमध्ये मात्र तासभर फलकावर काहीच घडत नाही आणि मग एका सेकंदात सगळे घडून जाते. तो सेकंद कोणता, हे आधी कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे पाहणाऱ्याचे शरीर सगळा वेळ सज्ज राहते. हृदय जोरात चालते, श्वास वरच्या वर अडतो, पोटात खड्डा पडतो.

माझे माहेर कोल्हापूरचे. तेथे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही नावे मी पाढ्यांच्या आधी शिकले आणि शाहू स्टेडियमवरचे सामने वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिले. सासरी आले तेव्हा सांगलीत विजय हजारे यांच्या काळापासूनचा क्रिकेटचा अभिमान होता आणि आसपासच्या गावांत जत्रेतल्या कुस्त्यांचा. दादा कुस्तीचे जुने शौकीन आहेत. फडात मल्लांबरोबरच बघ्यांकडेही पाहावे, असे ते सांगतात. मल्लाने पट काढला की बघ्याचे खांदे हलतात, पकड बसली की त्याच्याही मुठी वळतात. फुटबॉल पाहताना खेळाडूने फटका मारण्याआधी आपला पाय सोफ्यावरून पुढे जातो, तो याच जातीचा प्रकार आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

फरक एवढाच की फडात हलगी वाजत असते, ओरडायला मोकळीक असते आणि आपला आवाज मल्लापर्यंत पोचतो. हजारो कोसांवरचा सामना टीव्हीवर पाहताना सगळे शरीर लढायला उभे राहते आणि त्याला करायला काहीच नसते. माझ्या मते सगळ्या त्रासाचे मूळ या बेकारीत आहे. नवस बोलणे, खेळाडूंना शिव्या देणे, जागा बदलून बसणे, स्वयंपाकघरात पळणे हे सारे त्या रिकाम्या शरीराने शोधलेले काम असते. म्हणून मन शांत करण्याच्या मागे लागू नये. डोळ्यांना आणि हातांना सामन्यातलेच काम द्यावे. पुढच्या बहुतेक सूचना याच एका गोष्टीच्या आहेत.

सामन्याआधी

सर्वप्रथम, आपल्या संघाला आज नेमके काय हवे आहे हे समजून घ्यावे. साखळी सामना असेल तर बरोबरी चालेल का, गोलफरक मोजला जाणार आहे का, त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर चाललेल्या सामन्याचा आपल्यावर परिणाम होणार आहे का, हे कागदावर लिहून ठेवल्यास ऐनवेळी उगाच दहा शंका येत नाहीत. बाद फेरीचा सामना असेल तर नव्वद मिनिटांनंतर पंधरा-पंधरा मिनिटांची जादा वेळ आणि मग पेनल्टी शूटआउट, म्हणजे दोन्ही संघांनी आळीपाळीने मारायच्या पेनल्टी, असा प्रवास होऊ शकतो हे गृहीत धरूनच बसावे. 18 डिसेंबर 2022 चा अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यातला लुसैलमधला विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू झाला आणि जवळजवळ तीन तास चालला. दीड तासाची मनाची तयारी करून बसलेला माणूस तिसऱ्या तासाला कोलमडतो.

वेळेचा हिशोब झोपेशीही जोडलेला आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपारी तीनला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला लागतो. जागरण करायचेच असेल तर दुपारी तासभर झोपून घ्यावे आणि सकाळी कामावर जायचे असेल तर मोटारसायकलऐवजी बसने जावे, कारण थकल्या मेंदूला राग आणि भीती दोन्ही लवकर येतात. रात्री साडेबाराला कडक चहाचे कपावर कप रिचवण्याने छाती आणखी धडधडते. माझ्या घरी एकदाच, मध्यंतराला, अर्धा कप चहा होतो. बाकी वेळ पाणी आणि भडंग. भडंग मुठीमुठीने खाता येते आणि हाताला चाळा मिळतो, हे त्याचे मोठे उपकार आहेत, मात्र रक्तदाब असलेल्यांसाठी त्यात मीठ वेगळे सांभाळावे लागते.

आता यंत्रांविषयी. मोबाइलवर इंटरनेटने दिसणारे चित्र छतावरच्या डिशने येणाऱ्या चित्रापेक्षा मागे असते; कधी वीस-तीस सेकंद, कधी त्याहून जास्त. त्यामुळे शेजारच्या इमारतीतून आरोळी येते, आपल्या पडद्यावर अजून चेंडू मध्यरेषेवर असतो, आणि ती आरोळी आनंदाची की दुःखाची हे ओळखण्याच्या धडपडीत आपण सामन्याच्या सर्वांत मोलाच्या क्षणाला मुकतो. शक्य असेल तर डिशवरून पाहावे. जून-जुलैच्या मोठ्या पावसात डिशचे चित्र जाते, म्हणून इंटरनेटची जोडणी राखीव ठेवावी आणि इन्व्हर्टरची बॅटरी दुपारीच पाहून घ्यावी. आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर कोणीतरी तीस सेकंद आधी ‘गेला’ एवढेच लिहितो आणि आपला सामना तेथेच संपतो.

घरात हृदयरोगी असेल तर हा परिच्छेद काळजीपूर्वक वाचावा. 2006 चा विश्वचषक जर्मनीत झाला, तेव्हा म्युनिक आणि परिसरातल्या हृदयविकाराच्या तातडीच्या घटनांचा अभ्यास करण्यात आला, आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी अशा घटनांचे प्रमाण इतर दिवसांच्या 2.66 पट होते. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांच्यात ते चौपट होते, आणि सर्वाधिक घटना सामना सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांत घडल्या. दादांची अँजिओप्लास्टी मिरजेला झालेली आहे. तेव्हापासून सामन्याच्या रात्री त्यांची गोळी जेवणाबरोबर, शिट्टी वाजण्याच्या बरीच आधी, माझ्यासमोर घेतली जाते. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, गार घाम, धाप यांपैकी काहीही झाले तर ‘एवढी पाच मिनिटे संपू द्या’ हे वाक्य कोणाच्याही तोंडून येता कामा नये. 108 वर फोन करावा आणि टीव्ही बंद करावा. हृदयरोग्याने सामना पाहूच नये, असे मी म्हणणार नाही. दादांना आतल्या खोलीत झोपवले तर ते अंधारात आमचे आवाज ऐकत पडतील, आणि ते अधिक वाईट आहे. त्यांच्या डॉक्टरांना आम्ही आधी विचारून घेतले आहे, हे मात्र सांगितले पाहिजे.

डोळ्यांना काम

पहिली पंधरा मिनिटे चेंडूकडे पाहू नये. हे ऐकायला विचित्र वाटते, पण चेंडू जेथे आहे तेथे घडण्यासारखे बहुतेक घडून गेलेले असते. त्याऐवजी आपल्या बचावफळीतले चार किंवा पाच जण एका रेषेत पुढे-मागे होतात का, त्यांच्या आणि मध्यफळीच्या मधले अंतर किती आहे, प्रतिस्पर्धी कोणत्या बाजूने अधिक येतो, हे पाहावे. जेवढा वेळ आपण हे मोजत असतो तेवढा वेळ छातीतली धडधड ऐकू येत नाही, हा माझा अनुभव आहे.

याचा खरा उपयोग शेवटच्या वीस मिनिटांत होतो. आपण एका गोलने पुढे असतो किंवा बरोबरी टिकवायची असते, आणि संघ हळूहळू मागे सरकत स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात जमा होतो. ज्याला काही दिसत नाही त्याला फक्त भीती वाटते, आणि ती साऱ्या मैदानाची असते. ज्याला फळ्यांमधले अंतर दिसते त्याला नेमकी जागा कळते: उजवा बचावपटू थकला आहे, त्याच्या मदतीला कोणी येत नाही, चेंडू तेथूनच आत येणार. भीती जात नाही. पण तिला नाव आणि पत्ता मिळाला की ती सोसता येते, आणि मग प्रशिक्षकाने त्याच जागी ताजा खेळाडू उतरवला तर जो सुटकेचा श्वास येतो तो गोल झाल्यासारखाच असतो.

घड्याळाचे काय करावे? पंचाहत्तराव्या मिनिटापासून पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे दर दहा सेकंदांनी पाहणे हा ताण वाढवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. आमच्या घरी लग्नपत्रिकेचा एक जाड तुकडा कापून ठेवलेला आहे. पंचाहत्तराव्या मिनिटाला तो कोपऱ्यावर चिकटवतो. गुणफलकही त्याखाली झाकला जातो, पण तो सगळ्यांना पाठ असतोच. भरपाईच्या वेळेचा फलक दिसल्यावरही घड्याळाशी सौदा करू नये, कारण त्या फलकावर लिहिलेली मिनिटे किमान असतात, कमाल नव्हेत; मधे खेळ थांबला तर पंच आणखी वेळ देतात. 21 नोव्हेंबर 2022 रोजी इंग्लंड आणि इराण यांच्यातल्या सामन्यात दोन्ही सत्रे मिळून सत्तावीस मिनिटांच्या आसपास भरपाई खेळली गेली.

श्वासासाठी सामन्यातच जागा असते. नव्वद मिनिटांच्या खेळात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण 55 ते 60 मिनिटे. बाकीचा वेळ थ्रो-इन, गोलकिक, दुखापत आणि खेळाडू बदलण्यात जातो. चेंडू रेषेबाहेर गेला की खांदे सोडावेत आणि श्वास घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून तो तोंडाने सोडावा. उच्छ्वास लांबवला की हृदयाची गती उतरते, हे शरीराचे साधे गणित आहे. मी हे प्रत्येक थ्रो-इनला करते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. कॉर्नर असेल तेव्हा मात्र करू नये, तेव्हा डोळे हवेत. कोण कोणाला धरून उभा आहे आणि जवळच्या खांबापाशी कोण धावणार आहे, हे पाहायचे असते.

गोल झाल्यावरची दोन मिनिटे वेगळ्या काळजीची आहेत. लुसैलच्या त्या अंतिम सामन्यात अर्जेंटिना 2-0 ने पुढे होता. 80 व्या मिनिटाला फ्रान्सच्या एमबाप्पेने पेनल्टीवर गोल केला आणि पुढच्याच मिनिटाला दुसराही. आमच्या शेजारच्या काकू पहिल्या गोलनंतर हळहळत पाणी आणायला उठल्या आणि परत आल्या तेव्हा बरोबरी झालेली होती. आपल्यावर गोल बसला तरी जागेवरून उठू नये आणि चूक कोणाची याची चर्चाही लगेच सुरू करू नये, कारण हादरलेला संघ त्याच वेळी सर्वांत उघडा असतो आणि पाहणाराही त्याच वेळी सर्वांत बेसावध असतो.

व्हिडिओ साहाय्यक पंचांमुळे, म्हणजे चित्रण पुन्हा पाहून मुख्य पंचाच्या कानात निर्णय कळवणाऱ्या पंचांमुळे, गोलचा आनंद आता दोन हप्त्यांत मिळू लागला आहे. 2018 पासून विश्वचषकात ही पद्धत आहे. 22 नोव्हेंबर 2022 रोजी सौदी अरेबियाविरुद्ध अर्जेंटिनाचे पहिल्या सत्रातले तीन गोल ऑफसाइडमुळे, म्हणजे चेंडू पुढे दिला गेला त्या क्षणी खेळाडू बचावफळीच्या पलीकडे असल्यामुळे, रद्द झाले आणि शेवटी तो सामना सौदी अरेबियाने 2-1 ने जिंकला. तेव्हापासून अनेक जण गोल झाल्यावर हात बांधून बसतात आणि निर्णय पक्का झाल्यावरच हसतात. मला हे पटत नाही. चेंडू जाळ्यात गेला की उठावे, ओरडावे, शेजारच्याला मिठी मारावी. रद्द झाला तर तेव्हा वाईट वाटेल, पण आलेला आनंद अडवून ठेवला तर निर्णयानंतर तो तसाच्या तसा परत येत नाही. त्यानंतर नजर साहाय्यक पंचाच्या निशाणाकडे आणि मुख्य पंचाच्या कानाकडे न्यावी. पंचाचा हात कानाजवळ गेला असेल तर थांबावे.

पेनल्टी शूटआउट

येथे मोठमोठे धीराचे प्रेक्षक उठून जातात, म्हणून या भागाला वेळ देते.

चेंडू गोलरेषेपासून 11 मीटरवर ठेवलेला असतो. गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो, आणि जोरात मारलेला चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात तेथे पोचतो. फटका बसेपर्यंत गोलरक्षकाचे एक पाऊल तरी रेषेवर असावे लागते. सर्वसाधारणपणे चारपैकी तीन पेनल्टी गोलमध्ये जातात. म्हणजे समोरच्या संघाने गोल केला तर आभाळ कोसळलेले नसते, तो अपेक्षित क्रम असतो; आणि आपला खेळाडू चुकला तरी त्यांच्यातलाही कोणी चुकण्याची शक्यता भरपूर उरलेली असते. 1994 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इटलीच्या रॉबर्टो बॅजोचा चेंडू आडव्या खांबावरून गेला तो क्षण सगळ्यांना आठवतो, पण त्याआधी इटलीच्या आणखी दोघांच्या पेनल्टी वाया गेल्या होत्या. एका माणसाच्या पायावर सगळा भार टाकण्याची आपल्या मनाला घाई असते.

वही आणि पेन घ्यावे. दोन रकाने आखावेत, गोलसाठी टिंब आणि चुकीसाठी फुली काढावी. प्रत्येक किकआधी एकाने मोठ्याने सांगावे की ही गेली तर काय आणि नाही गेली तर काय. आमच्या घरी हे काम मुलाकडे आहे. 4 जुलै 2023 रोजी बंगळुरूमध्ये सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत आणि कुवेत 120 मिनिटांनंतर 1-1 वर होते, तेव्हा अकरा वर्षांचा हा लेखनिक जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि त्याच्या गणिताच्या वहीचे शेवटचे पान आजही माझ्याकडे आहे. पाच-पाच किकनंतर दोन्ही रकान्यांत चार-चार टिंबे होती. ‘आता आपण मारली आणि त्यांची अडली की संपलं,’ असे त्याने जाहीर केले. महेश सिंगने गोल केला. कुवेतच्या सहाव्या किकवर गुरप्रीत सिंग संधूने झेप घेतली आणि चेंडू अडला. मी ते उघड्या डोळ्यांनी पाहिले.

किक मारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहू नये. त्याची भीती आपल्याला लागते. गोलरक्षकाच्या पावलांकडे पाहावे. तो रेषेवर डावीकडे-उजवीकडे सरकतो, गुडघे वाकवतो, कधी शेवटपर्यंत थांबतो, कधी आधीच कलतो, आणि एवढे बारीक पाहत असताना डोळे मिटायला सवड होत नाही. शेजारच्या माणसाचा हात धरावा. सासूबाईंनी त्या रात्री माझे मनगट इतके घट्ट धरले होते की बांगडीचा वळ उठला होता.

देव पाण्यात ठेवताना

आपल्याकडे सामन्याच्या दिवशी देव पाण्यात ठेवून बसणारे पुष्कळ आहेत. कोणी गणपतीला जाऊन येतो, कोणी मागच्या विजयाच्या वेळचा न धुतलेला सदरा घालतो, कोणी सोफ्याचा विशिष्ट कोपरा सोडत नाही. हे करावे की नाही, असा वाद मी घालणार नाही. त्याने हाताला काम मिळते आणि कोणाचे काही जात नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे टाळावी. ‘तू आत आलीस आणि गोल झाला’ हे वाक्य घरात उच्चारू नये. लग्न होऊन आले त्या वर्षी एका ओळखीच्यांच्या घरी सामना पाहताना मला ते ऐकावे लागले, आणि ज्या मुलीने शाहू स्टेडियमवर बालपण काढले होते ती उरलेला सामना दाराबाहेर चपलांपाशी उभी राहून ऐकत होती. पांढऱ्या पायाची हा शब्द आपल्या घरांतून मोठ्या कष्टाने बाहेर गेला आहे. तो खेळाच्या निमित्ताने मागच्या दाराने परत येऊ देऊ नये. लहान मुले आणि सुना यांना अशा वेळी जागेवरून उठवणे, ‘तू बाहेर थांब, मग गोल होतो’ असे सांगणे, हे हसत सांगितले तरी ज्याला सांगितले त्याच्या मनात राहते.

हरल्यावर

राग येणारच. त्याला पहिला अर्धा तास फक्त घरातल्या चार भिंती मिळाव्यात, फोन मिळू नये. 1994 च्या विश्वचषकात कोलंबियाचा बचावपटू आंद्रेस एस्कोबार याच्याकडून अमेरिकेविरुद्ध स्वयंगोल झाला, आणि मायदेशी परतल्यावर 2 जुलै 1994 रोजी मेडेयिनमध्ये त्याची गोळ्या झाडून हत्या झाली. आपण काही असे करणार नसतो. पण आपण रात्री एक वाजता खेळाडूच्या नावाखाली जे लिहितो ते सकाळी तो आणि त्याची आई वाचते, एवढे ध्यानात ठेवावे. बहरीनच्या सामन्यानंतर आमच्याही घरात त्या खेळाडूविषयी बरेच वाईट बोलले गेले, आणि सात वर्षांच्या मुलाने मला विचारले, ‘त्यानं मुद्दाम केलं का गं?’ उत्तर द्यायला मला वेळ लागला. नव्वद मिनिटे धावल्यावर पाय किती उशिरा पोचतो हे त्याला समजावण्यासाठी दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला मैदानाला पंधरा फेऱ्या मारायला लावल्या आणि मग चेंडू अडवायला सांगितला.

सामन्यावर पैसे लावले असतील तर वरचे काहीही उपयोगी पडणार नाही. लावू नयेत.

लगेच अंथरुणावर पडू नये, झोप येत नाही. दिवे मंद करून चूळ भरावी, पाय धुवावेत, थोडे चालावे. हरलेल्या सामन्याचा जो भाग पाहवला नाही तो पंधरा दिवसांनी, दिवसाच्या उजेडात, शांतपणे पाहावा. मी त्या शारजाच्या सामन्याची शेवटची पंधरा मिनिटे अशीच एका रविवारी दुपारी पाहिली. निकाल ठाऊक होता, त्यामुळे घड्याळाची भीती नव्हती, आणि पहिल्यांदाच आपली बचावफळी किती मागे ढकलली गेली होती आणि तरीही किती वेळा चेंडू बाहेर काढत होती, ते दिसले.

शेवटी, एकाच घरात दोन पक्ष असतील तर काय करावे, हे लिहिले पाहिजे, कारण ते कोणी सांगत नाही. 2022 च्या अंतिम सामन्याला आमचे अख्खे घर आणि शेजार अर्जेंटिनाचा होता; माझा मुलगा एकटा एमबाप्पेसाठी फ्रान्सचा. एमबाप्पेने तीन गोल केले, शूटआउटमधली आपली पेनल्टीही मारली, आणि तरीही फ्रान्स 4-2 ने हरला. अर्जेंटिनाच्या मोंतिएलची शेवटची किक आत गेल्यावर खोलीत दहा माणसे नाचायला उठली आणि दहा वर्षांचे पोर उशीत तोंड खुपसून रडत होते. तेव्हा दादांनी हात वर केला आणि सगळे थांबले. तेव्हापासून आमच्याकडे नियमच आहे की जिंकणाऱ्या बाजूने आधी दोन मिनिटे हरलेल्यापाशी बसायचे आणि मग पेढे काढायचे. ‘खेळच तर आहे’ असे त्या वेळी म्हणू नये, कारण रडणाऱ्याला ते खरे वाटत नाही आणि म्हणणाऱ्यालाही अर्ध्या तासापूर्वी ते खरे वाटत नसते. मी त्याला हळद घातलेले गरम दूध दिले. सासूबाई त्याच्याजवळ बसून राहिल्या, काही बोलल्या नाहीत. अर्ध्या तासाने त्याने उशीतून डोके वर काढले आणि विचारले, ‘आजी, त्या मार्टिनेझनं शेवटच्या मिनिटाला पायानं अडवलेला तो चेंडू, तू बघितलास का?’ अर्जेंटिनाच्या गोलरक्षकाचा तो बचाव आजींनी बघितला होता, आणि मग दोघे रात्री साडेबारापर्यंत त्यावरच बोलत बसले.